गावाचे नाव घेणारा रेडिओ

गेल्या दिवाळीत मुलाने एक पेटी भेट म्हणून पाठविली. तिचे रूप जुन्या रेडिओचे आहे. समोर जाळी, बाजूला फिरवावयाची खुंटी, हातात धरावयाची मूठ, सारे काही जुन्याची आठवण व्हावी असेच. 'सारेगामा'ने २०१७ साली बाजारात आणलेली ही 'कारवाँ' नावाची पेटी आज पुष्कळ घरांत दिसते. तिच्या पोटात पाच हजार गाणी आधीच भरून ठेवलेली असतात. सैगल हवा तेव्हा गातो, तलत हवा तेव्हा गातो. अमीन सयानींची 'गीतमाला'ही तिच्यात आहे. आवाज स्वच्छ, खरखर मुळीच नाही. पहिले दोन दिवस मी हर्षाने ती ऐकली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले, की पेटी टेबलावर पडून आहे आणि तिच्यावर हलकी धूळ बसू लागली आहे.

गाणी तीच, गळे तेच, यंत्र अधिक चांगले. मग उणे काय पडले? वय झाले की मागचे सारे गोड वाटते, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानले, तर रेडिओने आपल्या भागात तीन-चार दशके जे काम केले त्याचा हिशेब लागत नाही. हा हिशेब आता मांडावयास हवा. ज्यांनी तो काळ कानांनी पाहिला, ती पिढी झपाट्याने कमी होत आहे. स्वतः अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरून आले. पण ते ज्यांच्याशी बोलत होते, त्या खेड्यापाड्यांतील श्रोत्यांबद्दल त्या रकान्यांत फारसे काही आले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय सयानी हा नसून तो श्रोता हा आहे, आणि तो बुलढाणा जिल्ह्यातला आहे.

कडेचा मुलूख

बुलढाणा जिल्हा नकाशावर नेहमी कडेलाच राहिला. विदर्भाचा हा पश्चिमेचा शेवट. पलीकडे खानदेश, खाली मराठवाडा, वर मध्य प्रदेशाचा डोंगराळ भाग. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे आणखी दोन तुकडे केले आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा घाटाखालचा भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा. मुंबई-नागपूर लोहमार्ग गेला तो घाटाखालून. खामगावहून जालन्याकडे रेल्वे न्यावी, ही मागणी पिढ्यानपिढ्या होत आली. पण आगगाडी आजतागायत घाट चढलेली नाही. रेडिओची लहर मात्र विनासायास चढली.

राज्यकारभाराच्या दृष्टीनेही हा जिल्हा बराच काळ आपल्या भाषेच्या माणसांपासून दूर होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशात होता. नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि पुढे वर्षभर छप्पन्न गीतांची ती मालिका चालली, तेव्हा बुलढाण्याची राजधानी नागपूर होती आणि नागपूर हे मराठी-हिंदी अशा दुहेरी राज्याचे ठाणे होते. 'गीतरामायण' पुढे वारंवार पुनःप्रसारित झाले आणि घाटावरच्या गावांतही घरोघर पोहोचले. नकाशावर महाराष्ट्र एक व्हावयाच्या आधीच तो कानांत एक होऊ लागला होता, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

त्या काळात जिल्ह्याचे स्वतःचे केंद्र नव्हते. त्यामुळे येथील श्रोता साऱ्यांचाच होता. १९४८ साली सुरू झालेले नागपूर त्याला आपले वाटे. परभणीचे केंद्र १९६८ साली आणि जळगावचे १९७६ साली आले, तेव्हा लोणारकडचा माणूस परभणीकडे आणि मलकापूरकडचा जळगावकडे वळला. रात्र झाली की आणखी दूरचे दरवाजे उघडत. मध्यम लहरींना दिवसा वातावरणाचा खालचा थर शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. हे शास्त्र आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. दिवेलागणीनंतर मुंबई स्पष्ट लागते आणि पहाटे पुन्हा विरून जाते, एवढेच ठाऊक होते. संध्याकाळ झाली की जग जवळ येते, ही आमची समजूत विज्ञानाच्या विरोधात नव्हती, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

घरात आलेला पाहुणा

आमच्या घरी रेडिओ आला तो १९६७ सालच्या हंगामानंतर. वडील कापसाची गाडी घेऊन खामगावला गेले होते, ते परतताना चामड्याच्या वेष्टणातला ट्रान्झिस्टर घेऊन आले. गावात वीज नव्हती, म्हणून सेलवर चालणारा संच घेतला. त्याआधी गावात एकच मोठा झडपांचा रेडिओ होता. तो लावला की आधी काही क्षण मुकाट असे, मग त्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडे आणि नंतर आवाज येई. त्या घराच्या धाब्यावर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. तिच्यावर चिमण्या बसल्या की आत खरखर वाढते, असा आम्हा मुलांचा पक्का समज होता.

रेडिओबरोबर परवानाही आला. ही गोष्ट आजच्या तरुणांना सांगितली तर ती थट्टा वाटते. पण ऐकण्यासाठी सरकारची अनुज्ञा लागे, तिचे एक छोटे पुस्तक असे, पोस्टात जाऊन दरवर्षी शुल्क भरावे लागे आणि त्या पुस्तकात तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्का मारला जाई. १९८० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ही पद्धत संपुष्टात आली. वडील ते पुस्तक सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवीत. दोन्ही त्यांच्या दृष्टीने मालमत्तेचेच कागद होते.

सेल महाग होते. म्हणून काय ऐकावे आणि किती वेळ ऐकावे, याचा निर्णय घरात विचारपूर्वक होई. सकाळच्या मराठी बातम्या, संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आणि बाजारभाव यांना पहिला मान, उरलेल्यात गाणी. सेल दमले की ते दुपारच्या उन्हात पायरीवर मांडून ठेवीत आणि थोडी ऊब लागली की ते आणखी एक-दोन दिवस काम देत. आज कोणतेही गाणे फुकट आणि अमर्याद मिळते. त्या काळी एका गाण्याची किंमत सेलाच्या आयुष्यात मोजली जाई, म्हणून ते पूर्ण ऐकले जाई आणि ऐकल्यावर त्याबद्दल बोलले जाई.

आजीला या नव्या पाहुण्याचे कौतुक होते, पण एक तक्रारही होती. बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज ऐकून ती म्हणे, "बाई बोलते लय गोड, पन आपलं काही आयकत नाही." आम्ही हसत असू. तिने बोट ठेवले होते ते मात्र नेमके दुखण्यावर. रेडिओ बोलतो, ऐकत नाही. त्याने ऐकावे म्हणून श्रोत्यांनी जी खटपट केली, तिच्यातच त्या काळाचे खरे वैभव होते.

कोलंबोमार्गे आलेले गाणे

ही खटपट समजून घ्यावयाची तर थोडे मागे जावे लागते. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. संगीताचे ते जाणकार होते आणि शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर जे स्थान मिळाले, त्याचे बरेचसे श्रेय त्यांना द्यावयास हवे. परंतु चित्रपटगीतांविषयी त्यांना तिटकारा होता आणि त्यांच्या धोरणामुळे ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांची अभिरुची सुधारावयाची, तर त्यांना जे हवे ते न देता जे द्यावयास हवे ते द्यावे, असा हा विचार होता. लोकांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरविला.

काटा फिरला तो सिलोनकडे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील सैनिकांसाठी ब्रिटिशांनी कोलंबोला सामर्थ्यवान प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो रेडिओ सिलोनच्या हाती आला आणि त्याच्या लघुलहरी साऱ्या हिंदुस्थानावर पसरल्या. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभी ती केवळ एक छोटीशी स्पर्धा होती आणि तिचे बक्षीस शंभर रुपये होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी पुढे अनेकदा सांगत. पुढे गीतांची क्रमवारी लागू लागली आणि बुधवारची रात्री आठची वेळ ही देशभरातील घरांची ठरलेली वेळ झाली. आमच्याकडे त्या दिवशी जेवणे लवकर उरकत. सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गीते लागत आणि शेवटचे गाणे सैगलचे असे. सैगलचा आवाज ऐकू आला की आठ वाजत आले, शाळेची पिशवी उचलावी, हे घड्याळावाचून कळे.

लघुलहरींवरचा तो आवाज स्थिर नसे. तो लाटेसारखा येई, जाई, पुन्हा येई. पहिल्या क्रमांकाचे गाणे घोषित होत असतानाच आवाज बुडावा आणि साऱ्यांनी श्वास रोखून संचाकडे झुकावे, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला स्वच्छ आवाजाच्या पेटीत काहीतरी चुकल्यासारखे का वाटते, हे सांगावे लागणार नाही.

सरकारला अखेर श्रोत्यांचे म्हणणे मान्य करावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही ऐकू येऊ लागल्या. 'जयमाला', 'हवामहल', 'छायागीत' ही नावे उच्चारली तरी साठीच्या पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहावे. मराठीत मुंबई केंद्राचे 'आपली आवड' होते. 'पुन्हा प्रपंच'मधील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी होते. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या या व्यक्तिरेखा आमच्या आळीत कधी राहिल्या नव्हत्या. तरी त्यांच्या घरात काय चालले आहे, हे शेजारच्या घरापेक्षा आम्हांस अधिक ठाऊक असे. बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत सांगितले आणि ज्यांनी कधी मैदान पाहिले नाही, त्या गुराख्यांच्या पोरांनाही कुठला खेळाडू कोठे उभा आहे ते दिसू लागले.

पोस्टकार्डावरचे गाव

केसकरांच्या धोरणाचा पराभव कोणी केला, असा प्रश्न विचारला तर उत्तर पोस्टकार्डाने असे द्यावे लागेल. त्या वेळच्या बिहारातील झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे साऱ्या देशाला माहीत झाले. अशी छोटी छोटी झुमरी तलैया गावोगाव होती. आमच्या गावातही चार-पाच जणांचे टोळके होते. शाळामास्तर, शिंपी, पिठाच्या गिरणीवरचा एक मुलगा आणि आम्ही दोघे विद्यार्थी. पैसे जमवून कार्डे आणावयाची, सुवाच्य अक्षरात गाण्याचे, चित्रपटाचे, गायकाचे नाव लिहावयाचे आणि खाली सर्वांची नावे. नावांच्या शेवटी गाव, तालुका, जिल्हा बुलढाणा. मास्तरांचा आग्रह असे की जिल्हा लिहिलाच पाहिजे, कारण त्या नावाचे दुसरे गाव अकोल्याकडे आहे.

दीड वर्ष काही झाले नाही. मग एका रात्री निवेदिकेने पाच नावे वाचली, आमच्या गावाचे नाव वाचले आणि 'जिल्हा बुलढाणा' असेही म्हटले. शिंपी रडला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी शाळेत पहिला तास घेतलाच नाही. आज हे सांगताना थोडे हसू येते. पण विचार करावा की त्या गावाचे नाव त्याआधी कोणी, कोठे, मोठ्याने घेतले होते? वर्तमानपत्रात ते येई ते दुष्काळ, दरोडा किंवा निवडणूक असेल तर. नकाशात ते नव्हते. एस.टी.च्या पाटीवर त्याच्या पुढच्या मोठ्या गावाचे नाव असे. कोणतीही आपत्ती आलेली नसताना, केवळ एक गाणे आवडते म्हणून, साऱ्या मुलखासमोर त्याचे नाव प्रेमाने उच्चारले गेले ते रेडिओवर. "आपलं काही आयकत नाही" हे आजीचे म्हणणे त्या रात्री थोडे मागे घ्यावे लागले.

रेडिओचे हे काम संगीताच्या इतिहासात नोंदले जात नाही. त्याने बोलणाऱ्याला नाव दिले आणि ऐकणाऱ्यालाही दिले. बातमी देणारा आधी स्वतःचे नाव सांगे, मग बातमी देई. म्हणजे शब्दामागे एक जबाबदार माणूस उभा आहे, हे श्रोत्यास कळे. आणि फर्माईश सांगणारा श्रोत्याचे नाव घेई. म्हणजे ऐकणारा हा केवळ एक आकडा नाही, हे साऱ्यांस कळे.

मेहकरची शीळ

या जिल्ह्याने केवळ ऐकलेच, असेही नाही. १९०९ साली सिंदखेड राजा येथे जन्मलेले ना. घ. देशपांडे यांनी आयुष्य काढले मेहकरला, वकिली करीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या वाटचालीतील पहिल्या खुणांपैकी ती एक मानली जाते. 'शीळ' याच नावाचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. म्हणजे पुस्तक हाती येण्याच्या वीसेक वर्षे आधी मेहकरचा हा कवी तबकडीवरून आणि नंतर रेडिओवरून महाराष्ट्राच्या कानी गेला होता. १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे नाव नव्याने ऐकणारे पुष्कळ होते. 'शीळ' मात्र त्यांतील अनेकांना पाठ होती, फक्त ती कोणाची हे ठाऊक नव्हते.

रेल्वे नसलेल्या, घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी बसून लिहिलेली ओळ साऱ्या मराठी मुलखाच्या ओठी जाते, हे ध्वनीच्या माध्यमामुळे घडले. कडेच्या मुलखाला मध्यवर्ती होण्याची अशी संधी छापील माध्यमाने क्वचितच दिली आहे.

उणी बाजू

स्मरणरंजनाचा एक दोष असा, की ते ज्याच्या घरी रेडिओ होता त्याचेच असते. सत्य सांगावयाचे तर पहिली पुष्कळ वर्षे रेडिओ हा पाटील, सावकार, मास्तर आणि ग्रामपंचायत यांचाच होता. पंचायतीच्या संचाभोवती पुरुषांचे कोंडाळे असे. बायका दाराआडून, भाकरी थापता थापता, जेवढे कानी पडेल तेवढे ऐकत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील माणूस ऐकावयास आला तर तो किती अंतरावर बसे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. लहरीला गावकूस नव्हते, संचाला होते. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तेव्हा हे कूस काहीसे खचले, आणि त्याचे श्रेय निवेदकांच्या गोड आवाजापेक्षा बाजारातील उतरलेल्या किमतीला अधिक द्यावे लागेल.

भाषेचेही तसेच. आकाशवाणीची मराठी शुद्ध, रेखीव आणि ऐकण्यास सुखद होती. परंतु वऱ्हाडी बोली तिच्यात आली ती बहुधा शेतीच्या गप्पांत किंवा विनोदापुरती. आमच्या बोलीत गंभीर विचारही करता येतो, हे रेडिओने आम्हांस फारसे सांगितले नाही. शिवाय तो सरकारचा आवाज होता. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आणि पुन्हा ३१ ऑक्टोबर १९८४ च्या त्या दिवशी, खरे काय ते समजावे म्हणून लोकांनी काटा बीबीसीकडे वळविला, हे विसरता येत नाही. श्रोता भाबडा नव्हता. सिलोनकडे वळताना आणि बीबीसीकडे वळताना त्याने एकच हक्क बजावला होता.

आज काय आहे?

हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतोच. जे काम रेडिओ करीत होता, ते आज कोण करते? गाणी प्रत्येकाच्या खिशात आहेत. पण प्रत्येकाचे गाणे त्याच्याच कानात आहे. भिंतीपलीकडचा माणूस या घटकेला काय ऐकतो आहे, हे कोणास ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही उरलेले नाही. यंत्र आपली आवड ओळखते म्हणतात. ते ओळखते, यात शंका नाही. परंतु ते नाव पुकारत नाही. त्याच्या लेखी गाव, तालुका, जिल्हा या गोष्टी फार तर जाहिरात कोणती दाखवावी एवढ्यापुरत्या असतात.

बातम्यांचे तर याहून वाईट झाले आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी दर अक्षय्य तृतीयेला होते आणि पाऊसपाण्याचे भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितले जाते. शेतकरी ते श्रद्धेने ऐकत आला आणि रेडिओवरचा हवामानाचा अंदाजही ऐकत आला. दोन्ही चुकत, पण दोन्हींचा सांगणारा कोण हे त्याला ठाऊक असे आणि चुकले तर कोणास बोल लावावा हेही ठाऊक असे. आज मोबाइलवर जे भाकीत फिरते, त्याला बापही नसतो आणि गावही नसते. पेरणी करावी की थांबावे, असा जीवनमरणाचा निर्णय अशा बेवारस शब्दावर घेतला जातो.

आणि याच वेळी स्थानिक नभोवाणीचा आवाज क्षीण होत आहे. मध्यम लहरींचे प्रक्षेपक ठिकठिकाणी बंद झाले. केंद्रांचा स्वतःचा वेळ आक्रसून एकाच ठिकाणचा कार्यक्रम सर्वत्र ऐकविण्याकडे कल वाढला आहे. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलविण्याचा निर्णय झाला होता. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केल्यावर तो स्थगित करण्यात आला. पुण्यासारख्या बोलक्या शहराला आवाज उठविता आला. कडेच्या जिल्ह्यांना ऐकू येणाऱ्या केंद्रांच्या घटिका-अर्धघटिका कमी होतात, तेव्हा कोण बोलणार?

करण्याजोगे थोडे

गेलेला काळ परत आणता येत नाही, आणि आणूही नये. परवाने, दमलेले सेल आणि दाराआडच्या बायका परत याव्यात असे कोण म्हणेल? तथापि दोन-तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली म्हणजे आठवणींची रीतसर नोंद. त्या काळी कितीतरी कार्यक्रम थेट प्रसारित होत, ध्वनिमुद्रित होतच नसत. ते हवेत विरले. त्यांचे जे काही उरले आहे, ते श्रोत्यांच्या स्मरणात आणि पत्र्याच्या पेट्यांत आहे. परवान्यांची पुस्तके, केंद्रांकडून आलेली उत्तरे, फर्माइशींच्या वह्या, ज्या लोकगायकांना कधीकाळी नागपूरला बोलावणे आले त्यांचे कागद, हे सारे खामगाव, चिखली, बुलढाणा येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी गोळा करावे आणि वृद्धांच्या तोंडची हकीकत ध्वनिमुद्रित करावी. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आज यंत्र आहे. जिल्ह्याच्या ग्रंथालयाने एक कपाट दिले तरी आरंभ होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही अशी छोटी केंद्रे चालविण्याची मुभा दिली आहे. त्यांची शक्ती थोडी, पल्ला एका शहरापुरता किंवा आसपासच्या काही गावांपुरता. पण सातारा जिल्ह्यातील म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' आणि बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' यांनी या छोट्या पल्ल्यात काय करता येते ते दाखविले आहे. गावची बाई गावच्या बोलीत गावच्या पाण्याबद्दल बोलते आणि ती कोण आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. वऱ्हाडीला विनोदाबाहेर काढावयाचे असेल, तर त्याचा मार्ग अशा केंद्रातून जातो. घाटावर एक आणि घाटाखाली एक, एवढ्याने आरंभ व्हावा, अशी अपेक्षा या जिल्ह्यातील संस्थांकडून करणे अवाजवी नाही. तिसरी गोष्ट श्रोत्यांची आहे. जी केंद्रे आज आपल्याला ऐकू येतात, त्यांना पत्र लिहावे. केसकरांचे धोरण निवेदनांनी बदलले नव्हते. काटा फिरविणाऱ्या आणि कार्ड लिहिणाऱ्या माणसांनी ते बदलले.

मुलाने पाठविलेली पेटी मी आता स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आहे. सकाळी सूनबाई ती लावते. तिच्यात एक कळ अशीही आहे की ती दाबली तर आजचा रेडिओ लागतो. परवा ती चुकून दाबली गेली आणि कोठल्याशा केंद्रावर एका खेड्यातील मुलीचे नाव, तिच्या गावाचे नाव आणि तिला हवे असलेले गाणे सांगितले गेले. गाणे मला अपरिचित होते आणि फारसे आवडलेही नाही. पण ते संपेपर्यंत मी उभा होतो. त्या मुलीच्या घरी त्या घटकेला काय चालले असेल, ते मला पक्के ठाऊक होते.